पाय पूर्वेकडे

चुन्याच्या खड्यांवर पाणी ओतलं की आधी काहीच होत नाही. आपण वाकून बघतो, आणि मग एकदम बादली बोलायला लागते. पाणी खदखदतं, खडे फुटतात, गरम वाफ नाकात शिरते आणि मला कळतं, ईस्टर आला. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. काल सकाळी गॅलरीत चुना भिजवला तेव्हा करुणा, माझी बायको, आतून ओरडली, "आधी वाळत घातलेले कपडे काढा!" तोवर माझ्या निळ्या शर्टावर दोन पांढरे ठिपके पडले होते. दर वर्षी पडतात.

नाशिकला हे दिवस मोठे चमत्कारिक असतात. दुपारी डांबर मऊ होतं आणि पहाटे पायांवर चादर लागते. कडुलिंब मोहरलेला असतो. ओझरकडे जाताना दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांची खरड छाटणी झालेली दिसते, पार खुंटापर्यंत. नवखा माणूस गाडी हळू करून विचारतो, बाग मेली का हो? इथला माणूस तिकडे बघतही नाही. बाग आता फुटणार हे त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीकडे कोण बघत बसतं?

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आदल्या शनिवारी कबरींना चुना लावायची रीत आहे. शुक्रवारी उपास, पांढरे कपडे, भर दुपारची तीन तासांची उपासना. रविवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळे पुन्हा दफनभूमीत, कारण पुनरुत्थानाचं पहिलं गाणं तिथंच म्हणायचं असतं. मधला शनिवार रिकामा असतो, तो आम्ही कुंचल्यानं भरून काढतो. गवत उपटायचं, पाला झाडायचा, चुन्यात चिमूटभर नीळ टाकायची आणि आपापल्या माणसाला उजळ करून ठेवायचं. वर्षभर न दिसलेली माणसं तिथं भेटतात. "सलाम, सलाम, गुडघा कसा आहे?" डबे उघडतात. आमच्या कंपनीतल्या एकानं मला एकदा फार जपून विचारलं होतं, तुम्ही लोक तिथं बसून जेवता? म्हटलं, जेवतो, आणि बटाट्याची भाजी तिथं जास्त चांगली लागते. त्यानं विषय बदलला.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या सगळ्या कबरी एकाच दिशेनं आहेत. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, आणि डोक्याशी क्रूस. जुनी माणसं सांगतात, प्रभू परत येईल तो सूर्यासारखा पूर्वेकडून येईल, आणि मग निजलेला माणूस नुसता उठून बसला तरी त्याचं तोंड बरोबर त्याच्याकडे होईल. शोधाशोध नको, वळावळ नको. लहानपणी मी हे कॉटवर आडवा होऊन करून पाहिलं होतं. उठून बसलो तर समोर कपाट. कॉट चुकीची लावलीय असं मी बाबांना सांगितलं, आणि त्या माणसानं खरंच कॉट फिरवून दिली.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, ओव्हरहॉलच्या कामावर. सकाळी बसनं जायचे, संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायचे. इंजिनांच्या आवाजात उभी हयात गेली, त्यामुळे चाळिशीतच कान अधू झाले. आईला त्यांना तीन हाका माराव्या लागायच्या. पहिली "अहो" नेहमीच्या आवाजात. दुसरी जरा चढी. तिसरीला शेजारच्या बिऱ्हाडातली माणसंही बाहेर यायची. मग बाबा शांतपणे मान वर करून विचारायचे, "काही म्हणालीस?" आई म्हणायची, "तीस वर्षांपासून म्हणतेय!"

त्याच बाबांनी मला बायबलातली नवी पृथ्वी म्हणजे काय ते समजावलं. मी आठेक वर्षांचा असेन. रविवारच्या शाळेत बाईंनी सांगितलं की शेवटच्या दिवशी हे सगळं जळून जाणार आणि आपण वर स्वर्गात जाणार. मी घरी येऊन रडलो. मला स्वर्गाची भीती नव्हती. मला आमच्या दारातल्या पेरूच्या झाडाचं वाईट वाटत होतं, त्याला त्या वर्षी पहिल्यांदा पेरू धरले होते. बाबांनी मला पायरीवर बसवलं आणि विमानाची गोष्ट सांगितली. आमच्याकडे विमान येतं तेव्हा फार दमलेलं असतं, म्हणाले. मग आम्ही त्याचा रंग काढतो. पंख काढतो, इंजिन काढतो, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटं करतो. त्या दिवशी तू आलास तर म्हणशील, बाबा, तुम्ही विमान मोडलंत. मग एकेक भाग धुऊन, तपासून, झिजला असेल तो नवा करून आम्ही पुन्हा जोडतो. काही महिन्यांनी ते बाहेर पडतं तेव्हा नवं कोरं असतं, पण शेपटीवरचा नंबर तोच. "वैमानिक म्हणतो, हे माझंच. आणि देव आमच्यापेक्षा बरा फिटर आहे रे. ज्यानं स्वतःच्या हातानं बनवलं त्याला ते भंगारात टाकवत नाही." मी विचारलं, मग पेरू? बाबा म्हणाले, "काय म्हणालास?" मी ओरडून विचारलं, पेरू? "पेरू राहणार," बाबा म्हणाले. मी उठून खेळायला गेलो.

त्यानंतर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. काही फार विद्वान होती. पण ढगांवर बसून वीणा वाजवायच्या स्वर्गाची मला कधीच ओढ वाटली नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही. मला ही पृथ्वीच हवी आहे, दुरुस्त झालेली. रामकुंडाखालची गोदावरी ओंजळीनं पिता येईल अशी हवी आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये देव स्वतः राहायला आलेला हवा आहे, पाहुणा म्हणून नव्हे, घरचा म्हणून. शास्त्राचंही तेच म्हणणं आहे असं मला वाटतं. मीही आयुष्य अंबडच्या कारखान्यात क्वालिटी तपासण्यात घालवलं. पीस हातात आला की आम्ही दोनच गोष्टी ठरवतो: हा टाकायचा की सुधारून घ्यायचा. माणसाच्या आणि जगाच्या बाबतीत हा निर्णय झालेला आहे, आणि तो टाकायचा नाही असा झाला आहे.

आईची आशा याहून साधी होती. ती सुरगाण्याकडची, डोंगरातली. दवाखान्यात नर्स म्हणून नाशिकला आली आणि इथलीच झाली, बोली तेवढी तिनं सोडली नाही. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीशिवाय तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही. आमच्या तरुण पाळकसाहेबांना तिनं एकदा उपासनेनंतर अडवून विचारलं, नव्या पृथ्वीत नागली असंल का? ते बिचारे म्हणाले, शास्त्रात तसा स्पष्ट उल्लेख नाही. आई म्हणाली, "पृथ्वी म्हटली म्हंजे माती आली, आन माती आली म्हंजे नागली आली. तुम्ही नका काळजी करू." पाळकसाहेबांनी मान हलवली. बहुतेक त्यांची काळजी मिटली असावी.

तिच्या गावाहून भाताची कापणी झाली की निम्मी माणसं खाली उतरायची, बागांच्या कामाला. तिचे आईवडीलही जायचे. ती आणि धाकटी भावंडं आजीजवळ राहायची. उन्हाळा चढला की पोरं रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन बसायची, कारण पावसाच्या आत माणसं परतायची आणि ती जीपनं यायची, टपावरसुद्धा बसून. मी तिला विचारलं होतं, वाट बघताना भीती नाही वाटायची? आलेच नाहीत तर? ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं कोन इचारत नव्हतं. येनार तर होतेच. कोनत्या जीपनं येतील, एवढंच आमी इचारायचो." आशा या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी जितका कळला तितका नंतर कुणी समजावू शकलं नाही.

बाबा गेले ते असेच लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत. आणि त्या दिवशी जे झालं ते मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आमच्या दफनभूमीचं फाटक पश्चिमेला आहे. पेटी नेताना पाय पुढे ठेवून नेतात. फाटकातून आत आलं, सरळ चालत गेलं, खड्ड्यावर आणलं आणि दोरांवर सोडलं की पाय आपोआप पूर्वेला. पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलं, त्यामुळे दिशा कुणी बघत नाही. पावलांनाच ती पाठ असते. बाबांच्या वेळी समोरचा रस्ता खोदून ठेवलेला होता, म्हणून पेटी मागच्या लहान फाटकानं आणली. ते फाटक पूर्वेला आहे. खांदेकऱ्यांनी नेहमीप्रमाणे पाय पुढे ठेवले, नेहमीप्रमाणे सरळ चालत आले आणि नेहमीप्रमाणे पेटी दोरांवर ठेवली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नव्हते. झाकणावर डोक्याच्या बाजूला पितळी क्रूस ठोकला होता, तो मला पूर्वेकडे चमकताना दिसला. बाबांचे पाय पश्चिमेला होते.

वीस वर्षं मी लोकांचे पीस परत पाठवत होतो. अर्ध्या मिलीमीटरसाठी भांडत होतो. आणि माझ्या बापाची पेटी उलटी उतरत असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ऊन मी म्हणत होतं, म्हातारी माणसं उभी होती, प्रार्थना चालू होती, आणि अशा वेळी ओरडायचं कसं, या भिडेपोटी मी गप्प राहिलो. मूठभर माती टाकली. पुढच्या महिन्यात क्रूस बसवला तो रांगेतल्या बाकीच्या क्रुसांच्या ओळीत, पश्चिमेला. म्हणजे बाबांच्या पायाशी. दर वर्षी मी त्याला चुना लावायचो आणि दर वर्षी वाटायचं, सगळी रांग उठून पुढे बघेल आणि आमचे बाबा एकटे फाटकाच्या भिंतीकडे तोंड करून बसतील. हाक मारली तर ऐकूही येणार नाही.

पाळकसाहेबांना मी खासगीत, बाबांचं नाव न घेता विचारलं, एखाद्याची पेटी उलटी गेली तर? ते प्रेमानं म्हणाले, देवाला होकायंत्र लागत नाही. समुद्रात गेलेलेही उठतीलच की. उत्तर बरोबर होतं. माझं दुखणं मात्र दिशेचं नव्हतं, मी गप्प बसलो त्याचं होतं.

आणि मग आईचा शेवटचा लेंट आला. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. तिला वेगळं सांगायची गरज नव्हती, तिनं आयुष्यभर असे चेहरे वॉर्डात पाहिले होते. घरी आली आणि सूचना देऊ लागली. पांढरी साडी वरच्या कप्प्यात आहे. गाणी ही तीन. "आन मालनबाईला पयलं कडवं देऊ नका, ती लय वर चढते, मग कुनालाच येत नाय." करुणा रडता रडता हसायची. मी लिहून घ्यायचो. एक दिवस म्हणाली, "जागा ह्यांच्या शेजारची. तेवढं सोडू नको. उठल्याबरोबर मला पयलं ह्यांचं तोंड दिसलं पायजे. प्रभू तर सगळ्यांनाच दिसनार हाय."

माझं पेन थांबलं. शेजारी ठेवलं तरी दिसणार काय होतं? ती पूर्वेकडे बघणार, ते पश्चिमेकडे. तिनं आयुष्यात फार थोड्या गोष्टी मागितल्या, आणि त्यातली शेवटची मी चार वर्षांपूर्वीच बिघडवून ठेवली होती. सांगितलं नाही तर ती समाधानानं गेली असती, पण फसवून. आणि सांगितलं तर? चाळीस दिवस मी त्या 'तर'शी झगडत होतो.

शनिवारी तिनं हट्ट धरला की दफनभूमीत यायचंच. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही तिला कडुलिंबाखाली ठेवलं. अंगावर मोहोर पडत होता, तो ती झटकत नव्हती. मी बाबांच्या कबरीला चुना लावत होतो आणि ती खुर्चीतून हुकूम सोडत होती. खाली कमी लागलाय. कडेला घे. तिथं डाग राहिला. मी कुंचला बादलीत टाकला, तिच्यासमोर मातीत बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मागचं फाटक, पितळी क्रूस, माझं गप्प बसणं. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, तिच्या चपलांकडे बघत होतो.

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."

मी वर पाहिलं.

"तू काय एकटाच डोळे उघडे ठेवून व्हतास? माजा नवरा व्हता त्या पेटीत. मी काय डोळे मिटीन?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?" मग म्हणाली, "लोकं उन्हात उभी. तुजं तोंड आधीच उतरलेलं. म्हटलं, असू दे. घरी येऊन लय रडले मी त्या दिवशी. तुमाला वाटलं हे गेले म्हनून रडतीय."

तिनं मला खुर्ची कबरीजवळ घ्यायला सांगितली. मग हातातली काठी मातीवर टेकवून तिनं मला हिशेब समजावला, आपल्या वॉर्डातल्या नव्या पोरींना समजवायची तसा. "हे बघ. ह्यांचं डोकं हिकडं, पाय तिकडं. मला ठेवशील सरळ, रीतीनं. माजं डोकं तिकडं, पाय हिकडं. आता उठून बसले दोघं. कुनाचं तोंड कुनाकडं?"

मी त्या दोन जागांकडे बघत राहिलो. एक पांढरी, एक अजून नुसती माती. आणि मला ते दिसलं. एवढ्या मोठ्या दफनभूमीत सगळी जोडपी शेजारी शेजारी बसून पुढे बघणार होती. समोरासमोर बसणार होती ती हीच दोघं.

"म्हनून तर शेजारची जागा मागतीय," आई म्हणाली. "चार वर्सं इचार केला मी. देवानं बिघडू दिलं तर कायतरी बघूनच दिलं असंल. तू फकस्त मला नीट ठेव."

मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडलो. पन्नाशीचा माणूस, शर्टावर चुना. शेजारच्या कबरीवरची मंडळी डबा उघडायची थांबली. आईनं त्यांना सांगितलं, "काय नाय, जेवा तुमी. ह्याला भूक लागलीय." आणि खरंच लागली होती. चार वर्षांनी मला ती बटाट्याची भाजी पहिल्यासारखी लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं खुर्चीत बसूनच पुनरुत्थानाचं गाणं म्हटलं, मालनबाईपेक्षाही वरच्या पट्टीत. तीन आठवड्यांनी ती गेली, दुपारी, खिडकीकडे बघत. मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. आशा असली म्हणजे माणसाची उणीव भासत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डब्यातलं नागलीचं पीठ मी कितीतरी दिवस कुणाला हलवू दिलं नाही. पण त्या दुःखाला तळ होता. पाय टेकत होते.

तिच्या दिवशी पुढच्या फाटकासमोर लग्नाचा मांडव पडला होता, म्हणून पेटी पुन्हा मागच्या फाटकानंच आली. खांदेकऱ्यांनी पाय पुढे ठेवले, सरळ चालत आले आणि पेटी दोरांवर ठेवली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. पितळी क्रूस पूर्वेकडे चमकला.

"थांबा," मी म्हणालो. फार मोठ्यांदा म्हणालो. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. आमचे शांतवनमामा, जे तिथले खड्डे खणतात, दोर धरून उभे होते. त्यांना म्हटलं, "पेटी फिरवा, मामा. पाय पूर्वेला."

दोन कबरींच्या मधे जागा अरुंद. सहा जणांनी पेटी उचलली, सरकत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, बाबांच्या कबरीवरून उचलून धरत ती फिरवली. पाच मिनिटं लागली. ऊन होतं, म्हातारी माणसं उभी होती, कुणीतरी कुरकुरलंही. मला काही वाटलं नाही. दोर सुटत गेले तेव्हा शांतवनमामा हळूच माझ्या कानाशी आले. "बरं केलंस. तुज्या बाबांच्या येळी मी पन पायलं व्हतं. बोललो नाय." म्हणजे आम्ही तिघे होतो.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीचं. आज शनिवार आहे. सकाळपासून दोन्ही कबरी रंगवून झाल्या. कडेनं घेतलं, खाली कमी पडू दिलं नाही. दोन्ही क्रूस एका ओळीत आहेत, एक डोक्याशी, एक पायाशी, आणि बघणाऱ्याला त्यात काहीच वेगळं दिसत नाही. मी आता कडुलिंबाखाली बसलोय, अंगावर मोहोर पडतोय. समोर आमची माणसं नीट रांगेनं निजली आहेत, छाटलेल्या बागेसारखी. मी घाबरून बघत नाही. ती येणार आहेत. कोणत्या जीपनं, एवढंच विचारायचं राहिलंय.

त्या सकाळी काय होईल ते मला आता अगदी स्पष्ट दिसतं. माती उघडेल. आई उठून बसेल, पदर सावरेल, समोर बाबा बसलेले असतील, पूर्वेकडे पाठ करून, ग्रीसचा वास गेलेले, नवे कोरे, पण तेच. ती आधी त्यांना डोळे भरून पाहून घेईल. मग त्यांच्या खांद्यावरून तिला उजेड दिसेल, आणि त्या उजेडातून येणारा तो दिसेल. ती म्हणेल, "अहो, मागं बघा."

नेहमीच्या आवाजात म्हणेल. आणि बाबा पहिल्याच हाकेला वळतील.